बीट काढू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सँडविचवर आलेला पानभर मजकूर वाचला. फोटो झकास होते. ॲव्होकाडो, भाजलेली ढोबळी मिरची, पेस्तो, सगळं कसं चकचकीत. त्यावर माझं काही म्हणणं नाही, ज्याला परवडतं त्यानं खावं. पण त्याच पानाच्या तळाशी चौकटीत रस्त्यावरचं सँडविच घरी करण्यासाठी ज्या सूचना दिल्या आहेत, त्यांत एक अशी आहे की बीट वगळलं तरी चालेल, कारण गाडीवाले ते स्वस्तात जाडी वाढवायला घालतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी गाडीवर उभं राहून सँडविच खाल्लं असेल, पण लावलेलं नाही.

मी लावलेलं आहे. परळ-लालबागच्या पट्ट्यात एका कॉलेजच्या फाटकाबाहेर माझी सँडविचची गाडी होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा ती पुतण्याच्या हाती दिली. तरी संध्याकाळी जाऊन स्टुलावर बसतो आणि त्याला नको असलेले सल्ले देतो. आज तुम्हाला देतोय. पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी हिशोबाचं बोलू. जाडीच वाढवायची तर घरात बटाटा आहे की. बटाटा लवकर शिजतो, साल बोटानं निघते, चकती जाड कापली तरी गिऱ्हाईक कुरकुरत नाही. बिटाला कुकरमध्ये बटाट्याच्या दुप्पट वेळ ठेवा, मग सोला, मग हात लाल, पाट लाल, फडकं लाल, आणि शर्टावर एक थेंब उडाला तर घरी गेल्यावर बोलणी. एवढा खटाटोप कुणी भरतीसाठी करत नाही. जो गाडीवाला खरोखर पैसे वाचवायला निघतो, तो सगळ्यात आधी बीटच बंद करतो. आजकाल बऱ्याच गाड्यांवर ते दिसत नाही, त्याचं कारण हेच आहे.

मग बीट असतं कशासाठी? गोडासाठी. सादा सँडविच उघडून बघा. चटणीत मिरची, कोथिंबीर, पुदिना. कांदा झोंबणारा, टोमॅटो आंबट, काकडी पाण्याची, बटर खारट. बटाट्याला स्वतःचं मत नसतं. ह्या घोळक्यात गोड कुणीच नाही. भेळेत हे काम चिंचगुळाची चटणी करते, आमटीत गुळाचा खडा करतो, सँडविचमध्ये बीट करतं. जगात होणाऱ्या साखरेपैकी साधारण पाचवा हिस्सा बिटापासून होतो, उसापासून नाही. साखरेचं ते बीट पांढरं आणि आपलं लाल, पण कूळ एकच. उकडलेल्या बिटाची पातळ चकती नुसती खाऊन बघा. मग तीच चकती चटणीवर ठेवून खा. मिरची तितकीच तिखट राहते, पण जीभ तक्रार करत नाही.

'मातीसारखं लागतं' ही बिटाबद्दलची दुसरी तक्रार. ती खरी आहे. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे एक सर दुपारी यायचे. सादा, तिखट, कडा न काढता. त्यांनी मला समजावलं होतं की पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, त्यात जिओस्मिन नावाचा एक पदार्थ असतो आणि बिटाचा वासही त्याचाच. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तीक्ष्ण आहे, अगदी नखभराहून कमी असला तरी ओळखतं. आणि हा पदार्थ आंबटापुढे टिकत नाही. लिंबू म्हणा, व्हिनेगर म्हणा, आमचूर म्हणा, आंबट पडलं की मातकटपणा उतरतो. सर हे सांगत होते आणि मला हसू येत होतं, कारण मला गाडी शिकवणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी दटावलं होतं, मसाला बिटावर टाकायचा, काकडीवर नाही. त्याला केमिस्ट्री ठाऊक नव्हती. पण त्याच्या मसाल्यात आमचूर होतं, आणि त्याच्या गाडीवर बीट परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मसाल्यातल्या काळ्या मिठाचीही एक गंमत आहे. त्यात गंधकाचा वास असतो, उकडलेल्या अंड्यासारखा. बटाट्यावर ते मीठ पडलं की शाकाहारी माणूसही नकळत अंड्याच्या सँडविचच्या अर्ध्या वाटेवर पोचतो. हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. धंदा आहे.

आता मुद्द्यावर येतो. सँडविचमध्ये काय काय घालावं यावर लोक भरभरून बोलतात, तुमचं पानही त्यावरच होतं. कशावर काय ठेवावं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते कुठल्याही दोन चवी एकत्र येऊ शकतात, भांडण होतं ते शेजारावरून. बिटाचा रंग पाण्यात उतरतो, तेलातुपात उतरत नाही. म्हणून ब्रेडला आधी बटर, आणि ते कोपऱ्यापर्यंत. मधोमध ठिपका देऊन पसरल्यासारखं करणं म्हणजे छत्रीचं कापड मधेच लावण्यासारखं आहे. बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, पाणी त्यातून पलीकडे जात नाही. त्यावर चटणी, मग बटाटा, बटाट्यावर बीट आणि बिटावर मसाला. सुटलेला रस बटाटा पितो आणि त्यालाही जरा चव येते. मग काकडी, टोमॅटो, वर कांदा, आणि पुन्हा बटर-चटणी लावलेली स्लाइस. बीट आणि टोमॅटो शेजारी ठेवलेत तर दोघं मिळून ब्रेडची लापशी करतात. लोक दोष बिटाला देतात.

चटणी पातळ असली की हे सगळं फुकट. घरी चटणी वाटताना पाणी घालून फिरवतात, पोळीबरोबर खायला ती ठीक आहे. सँडविचची चटणी चमचा उलटा केला तरी हलता कामा नये. त्यासाठी वाटताना मूठभर डाळं घाला, किंवा ब्रेडच्या टोकाची जी स्लाइस कुणी खात नाही ती घाला. पाणी बांधून ठेवते आणि तिखट थोडं मऊ करते. पाणी घालायचंच तर बर्फाचं, आणि लिंबू सढळ, म्हणजे दुपारपर्यंत हिरवी राहते. बटाटे आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात उकडून ठेवायचे, गार बटाट्याची चकती मोडत नाही.

ह्या सगळ्याची परीक्षा गाडीसमोर होत नाही. तिथं उभ्याउभ्या काहीही चांगलं लागतं. ऑफिसला जाणारी मुलगी साडेदहाला पार्सल नेते आणि दीड वाजता डबा उघडते, तेव्हा ब्रेड कोरडा निघाला पाहिजे. पूर्वी पार्सल तुमच्याच वर्तमानपत्रात बांधून द्यायचो, राग मानू नका. २०१६ साली अन्नसुरक्षेवाल्यांनी छापील कागदात खाणं बांधू नका म्हणून सूचना काढली, शाई पोटात जाते. तेव्हापासून कोरा कागद. तुमचा अंक त्यानंतर मी जास्त नीट वाचायला लागलो, ही गोष्ट खरी.

माझ्याकडे जैन गिऱ्हाईक पुष्कळ होतं. त्यांच्या सँडविचमध्ये जमिनीखालचं काही नको, म्हणजे कांदा, बटाटा आणि बीट तिन्ही बाद. सुरी वेगळी, पाट वेगळा. बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं. ज्यांनी ते खाल्लेलं नाही त्यांना ते तडजोड वाटेल, पण चटणीशी कच्च्या केळ्याचं बटाट्यापेक्षा जास्त जमतं. त्याला स्वतःची एक तुरट चव असते. मात्र बिटाची जागा रिकामी राहते. ती मी डाळिंबाच्या दाण्यांनी भरायचो. कुणी मागितलं नव्हतं. मला तो गोडाचा कोपरा मोकळा बघवत नव्हता. पुढं जैन नसलेली पोरंही 'काका, दाणेवालं द्या' म्हणून मागायला लागली.

आता विचित्र जोड्यांबद्दल. तुमच्या पानावर परदेशातल्या तऱ्हा 'ऐकावं ते नवलच' अशा सुरात दिल्या आहेत. कॉलेजबाहेर उभं राहिलेल्या माणसाला ह्यात नवल काय वाटणार? एक मुलगा रोज बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन यायचा आणि शेवटची स्लाइस ठेवायच्या आधी अर्धं पाकीट आत रिकामं करायला लावायचा. बटाट्यावर बटाटा. मी आधी टोमॅटो काढून टाकायचो, नाहीतर वेफर्स मऊ पडतात. इंग्लंडमध्ये तर ब्रेड, बटर आणि वेफर्स एवढंच सँडविच लोक घरोघरी खातात. त्याच केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा एक बातमी वाचून दाखवली होती. २०११ साली तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं देशातलं सगळ्यात स्वस्त जेवण म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक सँडविच पुन्हा पुढे आणलं. दोन मऊ स्लाइसच्या मध्ये बटर लावून एक भाजलेली स्लाइस, वर मीठ-मिरपूड. खर्च साडेसात पेन्स. ब्रेडमध्ये ब्रेड! आजूबाजूची पोरं हसली. मी तिथंच एक करून दिलं, आत फक्त चटणी वाढवली. हसणाऱ्यांनीच खाल्लं. मऊ आणि कुरकुरीत यांच्यातला फरक हीच तिथं चव आहे. आपण भेळेवर शेव आणि मिसळीवर फरसाण घालतो ते दुसऱ्या कशासाठी?

मिसळीवरून आठवलं. मुंबईकर मिसळीला पाव घेतो, कोल्हापूरकर स्लाइस घेतो, आणि दोघांनाही दुसरा अडाणी वाटतो. माझी सासुरवाडी तिकडची, म्हणून मी स्लाइसच्या बाजूनं आहे. कटात स्लाइस बुडवली की ती लगेच पिते, पाव जरा वेळ लावतो. गोव्यात ऑम्लेटवर शाकुतीचा रस्सा ओतून देतात आणि त्याला रोस ऑम्लेट म्हणतात, सोबत पाव किंवा पोई नावाचा तिथलाच पाव. अंड्यावर कोंबडीचा रस्सा, कागदावर लिहिलं तर कसं वाटेल? खाल्ल्यावर कुणी विचारत नाही. वडापावाचंही तेच. बटाटा आणि मिरची दोन्ही समुद्रापलीकडून आलेली, पाव पोर्तुगिजांच्या मागोमाग आलेला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं आम्ही गाडीवाले मानतो. पिठात बटाटा आणि पुन्हा पिठात कोंबलेला, आत सुक्या खोबऱ्या-लसणाची चटणी. तुमच्या पुरवणीत हाच पदार्थ कुठल्यातरी परदेशी गावाच्या नावानं आला असता तर 'चमत्कारिक' ह्या मथळ्याखाली बसला असता.

दाबेली घ्या. कच्छमधल्या मांडवीची. तिखट बटाटा, चिंच-खजूर, मसाला शेंगदाणे, वर डाळिंबाचे दाणे, कुठं कुठं द्राक्षं. पावात द्राक्षं! अहमदाबादला माणेक चौकात दिवसा सराफी चालते आणि रात्री खाऊगल्ली भरते. तिथं ब्रेडमध्ये अननस, किसलेलं चॉकलेट आणि किसलेलं चीज एकत्र घालून देतात. मी खाल्लं. अननस आणि चीज यांचं जमतं, कारण एक आंबट-गोड आणि दुसरं खारट. चॉकलेट तिथं पाहुण्यासारखं बसून राहतं, कुणाशी बोलत नाही. माझ्या हातात असतं तर चॉकलेट काढून लाल तिखट भुरभुरलं असतं.

चॉकलेट-ब्रेडची खरी मंडळी मात्र नेदरलँडमध्ये आहेत. माझी पुतणी लग्नानंतर आइंडहोवनला गेली. तिचा मुलगा शाळेत जाण्याआधी ब्रेडला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरून खातो. त्याला हाखलस्लाख म्हणतात, तिथली मोठी माणसंही सकाळी तेच खातात. फोनवर हे दिसलं तेव्हा माझा भाऊ हबकला, सकाळच्या पारी चॉकलेट! मी त्याला विचारलं, आपल्या आईनं आपल्याला काय दिलं? पोळीवर तूप आणि गूळ. साखरांबा. शिकरणीत बुडवलेली पोळी. फरक दाण्यांच्या रंगाचा. लोणी खारट घेतलं तर ते चॉकलेट फार चांगलं लागतं असं पुतणी म्हणते आणि मला ते पटतं.

त्याहून मोलाची एक गोष्ट तिनं सांगितली. ते लोक ब्रेडवर शेंगदाण्याचं बटर लावून त्यावर सांबल नावाची मिरचीची चटणी आणि काकडीच्या चकत्या ठेवतात. इंडोनेशिया त्यांच्या ताब्यात होता, तिथून ही सवय आली. शेंगदाणा, मिरची, काकडी. हे तर आपल्या खमंग काकडीचंच सामान, खोबरं आणि फोडणी सोडून! तिनं मग सोलापूरची शेंगाचटणी लोण्यात कालवून ब्रेडला लावली, वर काकडी, आणि तिथल्या शेजारणीला खायला दिली. सोलापूरची चटणी उखळात कुटतात, दाण्याला तेल सुटेपर्यंत, म्हणून ती ब्रेडला धरते. मिक्सरमध्ये फिरवलेलं कूट खाली सांडतं. शेजारणीनं डबा भरून मागून नेली.

अमेरिकेतला गायक एल्विस प्रिस्ली शेंगदाण्याचं बटर आणि केळं घालून सँडविच खायचा, हे तुमच्या पानावर नव्हतं. मी शेंगाचटणी आणि केळं करून पाहिलं. लसूण असेल तर अजिबात नाही, लसूण आणि पिकलं केळं एका छपराखाली राहू शकत नाहीत. बिनलसणाचं तिखट-मिठाचं कूट, लोणी आणि वेलची केळं, वर लिंबाचे चार थेंब, हे मात्र उपासाच्या ताटातून उठून आल्यासारखं लागतं. फक्त ब्रेडमुळे उपास मोडतो.

चीजबद्दल लिहिलं नाही तर पुतण्या म्हणेल काकांनी टाळलं. साध्या टोस्टमध्ये चटणीवर एक चकती चीज, ती चांगलीच लागते. माझा राग त्या ढिगावर आहे. वरून, खालून, बाजूनं किसलेलं चीज, आत मेयोनीज, आणि त्यात 'शेजवान', 'तंदुरी', 'पेरी पेरी' अशी नावं. स्निग्धावर स्निग्ध चढलं की जिभेवर लेप बसतो, मग आत अननस आहे की ढोबळी मिरची, कळत नाही. फळ्यावर पन्नास प्रकार आणि तोंडात एकच. ज्या पोरांना नवीन चव हवी असते त्यांची सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. पण चीजची तार लांबवून फोटो काढता येतो आणि बिटाला तशी तार नाही. पुतण्या म्हणतो, काका, गिऱ्हाईक मागतं. मागतं, खरंय. गाडी त्याची आहे. मी स्टुलावरून एवढंच सांगतो की ढीग घालायचाच असेल तर आत मिरचीचं लोणचं तरी घाल, काहीतरी त्या लेपाला कापणारं पाहिजे.

तुम्ही वाचकांकडून आवडती सारणं मागवली आहेत, तेव्हा माझी लिहितो. गाडीवरची नव्हे, घरातली.

पहिलं, लोणी आणि लोणच्याचा खार. कैरीच्या लोणच्याची बरणी संपत आली की तळाला जो मसाला उरतो, मोहरी, मेथी, हिंग, तेल, तो पांढऱ्या लोण्यात कालवायचा. बटरमध्ये नको, मीठ जास्त होतं. ताज्या स्लाइसला लावून वर काकडी. मोहरीचा झणका नाकात जातो आणि लोणी त्याला परत बोलावतं. फोडी काढून टाका, दाताखाली कोय आली तर मजा जाते.

दुसरं, मेतकूट. दह्यात कालवलेलं ब्रेडवर टिकत नाही, वाहतं. चक्क्यात कालवा, किंवा सायीत. वर बारीक चिरलेला कांदा, हवं तर कोथिंबीर. भाजलेल्या डाळींचा वास आणि भाजलेल्या ब्रेडचा वास एका घरातलेच वाटतात. कैरीच्या दिवसांत ह्यावर तक्कू घालावा, पण हातानं घट्ट पिळून. तक्कूचं पाणी प्यायला घ्या, ब्रेडला देऊ नका.

तिसरं आमच्या सौ.चं आहे. तिचं माहेर कोल्हापूरचं, पण तिची आई मालवणकडची. सुकट कोरडी भाजून, ओलं खोबरं, लाल मिरची आणि कोकम घालून चटणी, आणि ती लोणी लावलेल्या ब्रून पावात. ब्रूनच पाहिजे. मऊ पाव सुकटीपुढे लेचापेचा वाटतो, ब्रूनचं कवच तिच्याशी दोन हात करतं. त्यात उकडलेल्या बिटाची एक चकती मी गुपचूप सरकवतो. खारट, आंबट, तिखट आणि मधेच गोड. सौ. म्हणते मी वेडा आहे, पण आपल्या पावातली चकती तिनं अजून काढून टाकलेली नाही. हे गाडीवर कधीच ठेवता आलं नाही. जैन गिऱ्हाईक एका दिवसात तुटलं असतं, आणि कॉलेजच्या फाटकातल्या वॉचमननं मला बरं सोडलं असतं!

ह्यातलं काहीही करा, ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका. तुमच्या चौकटीत तीही सूचना आहे, ताजा राहतो म्हणून. राहत नाही. बुरशी उशिरा येते एवढंच, पण फ्रीजच्या थंडीत ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो, त्यातला स्टार्च तिथं झपाट्यानं घट्ट होतो. लागेल तेवढाच आणा, जास्त झाला तर सरळ बर्फाच्या कप्प्यात टाका आणि तव्यावर भाजून घ्या.

माझी विनंती इतकीच की पुढच्या रविवारी त्या चौकटीतली बिटाची सूचना दुरुस्त करावी. फार नको, दोन ओळी पुरेत. आणि हे पत्र जागेअभावी कापावं लागलं तर चीजचा परिच्छेद कापा, एल्विस कापा, माझी सासुरवाडी कापा. बिटाचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना सँडविचवाला
लालबाग, मुंबई

(नाव छापू नये. पुतण्याची गाडी अजून तिथंच उभी आहे आणि फळ्यावर पन्नास प्रकार आहेत.)